पिस्तुलाचे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये: निपाणीच्या एका घरातील प्रकरणाचा अभ्यास

बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बंगळूरु महामार्गावर वसलेल्या निपाणीत तंबाखूचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हंगामात रोकड घेऊन खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या व्यापारी घरांपैकी काहींकडे परवान्याची हत्यारे आहेत. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका मराठी घरातले आहे. कोणाला इजा झाली नाही, गुन्हा नोंदवला गेला नाही, आणि म्हणूनच त्याची सविस्तर नोंद करावी असे मला वाटले, कारण इजा झाली की सगळे लक्ष इजेकडे जाते आणि हत्याराच्या आत नेमके काय घडले हे कोणी शांतपणे पाहत नाही. मी लष्करात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो. या प्रकरणातले रिव्हॉल्व्हर एका परवानाप्राप्त कारागिराच्या टेबलावर उघडले गेले तेव्हा त्यांच्या विनंतीवरून मी तपासणीला हजर होतो.

हत्यारे दोन घरांत कशी गेली

कुटुंबातील वडिलांच्या परवान्यावर पूर्वी तीन हत्यारे होती: शेतावरची बारा बोअरची दुनळी बंदूक, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेले ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, आणि इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेले ०.३२ बोअरचे ‘अशनी’ पिस्तूल. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली. वडील सत्तरीच्या पुढे गेलेले होते, आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या धारकाला आपले हत्यार कायदेशीर वारसाच्या नावे करून देण्यासाठी अर्ज करता येतो. त्याप्रमाणे दुनळी व रिव्हॉल्व्हर थोरल्या मुलाच्या आणि पिस्तूल धाकट्या मुलाच्या परवान्यावर गेले. कागदोपत्री सगळे नीट झाले. काडतुसे मात्र वडिलांच्या कपाटातल्या एकाच पत्र्याच्या डब्यात राहिली, कारण भाऊ वेगळे राहत असले तरी कपाट एकच होते.

त्यानंतर २०२४ ची लोकसभा निवडणूक आली. चिकोडी मतदारसंघात ७ मे रोजी मतदान होते, त्यामुळे आचारसंहितेच्या काळात निपाणी परिसरातल्या परवानाधारकांनी नेहमीप्रमाणे आपली हत्यारे जमा केली आणि निकालानंतर ती परत घेतली. परत आणताना दोन्ही भावांची हत्यारे व काडतुसे एकाच पिशवीतून घरी आली, खोक्यांची झाकणे सुटली, आणि काही काडतुसे सुटी होऊन डब्यात मिसळली. इथवर हा निष्काळजीपणाच होता. पुढे जे झाले त्यात निष्काळजीपणापेक्षा समजुतीचा भाग मोठा आहे, आणि मला त्याचीच चर्चा करायची आहे.

थोरल्या भावांना बऱ्याच दिवसांपासून वाटत होते की आपले रिव्हॉल्व्हर कमी जोराचे आहे. रात्री महामार्गावरून वसुली घेऊन येताना हाताशी असलेले हत्यार ‘बारीक’ आहे, ही भावना त्यांना बोचत होती. एका नातेवाइकाने त्यांना सांगितले होते की परदेशात लहान रिव्हॉल्व्हरमध्येही जास्त दाबाची काडतुसे सर्रास वापरतात, आणि पिस्तुलाचे बत्तीसचे काडतूस रिव्हॉल्व्हरच्या बत्तीसपेक्षा जोराचे असते. घरी त्यांनी ते काडतूस सिलिंडरमध्ये घालून पाहिले. ते अलगद आत गेले आणि तळाच्या कडेवर टेकून थांबले. धाकट्याने हटकले, “अण्णा, ती पिस्तुलाची हायत, असू देत.” त्यावर थोरल्यांचे उत्तर होते, “दोन्ही बत्तीसच की. बसतंय म्हटल्यावर चालतंय.”

या उत्तराच्या मागे आणखी एक अर्धवट खरी माहिती होती, आणि ती नोंदवल्याशिवाय थोरल्यांवर अन्याय होईल. त्यांच्या वडिलांनी पूर्वी कधीतरी सांगितले होते की या रिव्हॉल्व्हरमध्ये ‘छोटे बत्तीस’ही चालते. ते खरे आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीचे ०.३२ चे मूळ आखूड काडतूस १८७८ चे आहे. १८९६ मध्ये त्याचीच पुंगळी, म्हणजे काडतुसाचा दारू भरलेला धातूचा भाग, वाढवून ‘०.३२ लाँग’ तयार झाले, आणि आपले रिव्हॉल्व्हर ‘लाँग’साठी असल्यामुळे त्यात मूळ आखूड काडतूसही चालते. पिस्तुलाचे काडतूसही आखूडच दिसते. वडिलांनी सांगितलेले ‘छोटे’ ते हेच, असा थोरल्यांचा समज झाला.

सरावाच्या दिवशी

रीतसर परवानगी घेऊन एका रेंजवर सरावाला गेल्यावर थोरल्यांनी सिलिंडरमधले सहाही चेंबर, म्हणजे काडतुसांचे कप्पे, पिस्तुलाच्या काडतुसांनी भरले. पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी घोडा पडला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि गोळी सुटली नाही. अशा वेळी नळी लक्ष्याच्या दिशेने धरून काही वेळ थांबणे आवश्यक असते, कारण काडतुसाच्या तळातली, दारू पेटवणारी टोपी उशिराने पेटू शकते. पण त्यांनी लगेच पुन्हा चाप ओढला, आणि तिसरी व चौथी गोळी सुटली. पाचव्या वेळी चाप ओढताना सिलिंडर जड फिरू लागले आणि मध्येच अडकले. रेंजवरच्या अधिकाऱ्यांनी गोळीबार थांबवला.

रिव्हॉल्व्हर उघडल्यावर दुसरी अडचण समोर आली. आपले हे रिव्हॉल्व्हर वेब्ली पद्धतीचे आहे: वरचा खटका सोडला की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात आणि मधला ताऱ्याच्या आकाराचा एक्स्ट्रॅक्टर वर येऊन सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर फेकतो. या वेळी तारा वर आला, पण तीन पुंगळ्या त्याच्या बोटांतून निसटून त्याच्याखाली गेल्या आणि चेंबरमध्ये परत बसल्या. तारा अर्धवट वर अडकला आणि हत्यार ना पूर्ण उघडेना ना मिटेना. ते नंतर लाकडी काडीने, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, मोकळे करावे लागले. प्रसंग खरा असता, महामार्गावर रात्री अकरा वाजता, तर या क्षणी थोरल्यांच्या हातात निव्वळ लोखंड उरले असते. मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे, दाबाच्या आकड्यांपेक्षाही.

सराव संपल्यावर थोरल्यांनी कारागिराला जे सांगितले ते मी शब्दशः लिहून घेतले होते, कारण ते महत्त्वाचे आहे: “धक्का उलट कमीच लागला. त्यामुळं काडतूस हलकं असेल असं वाटलं.”

टेबलावर काय दिसले

प्रथम काडतुसे मोजली. रिव्हॉल्व्हरच्या ‘०.३२ लाँग’ काडतुसाची पुंगळी सुमारे २३.४ मिलिमीटर लांब असते आणि पूर्ण काडतूस सुमारे ३२.५ मिलिमीटर. पिस्तुलाच्या काडतुसाची, म्हणजे जॉन ब्राउनिंग यांच्या १८९९ च्या रचनेची, पुंगळी सुमारे १७.२ मिलिमीटर आणि पूर्ण काडतूस २५ मिलिमीटर भरते. म्हणूनच आपल्याकडे एकाला ७.६५ बाय २३ आणि दुसऱ्याला ७.६५ बाय १७ असेही लिहितात. खोक्यावर हे दोन आकडे वाचले असते तर प्रकरण घडलेच नसते, पण बोलण्यात आणि परवान्याच्या नोंदीत ‘०.३२’ एवढाच आकडा ठळक राहतो. पुंगळीची जाडी दोन्हींची जवळपास सारखीच, त्यामुळे चेंबर हरकत घेत नाही. फरक कडेत आहे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची कडा सुमारे ९.५ मिलिमीटर रुंद असते. पिस्तुलाच्या काडतुसाची सुमारे ९.१, कारण ते काडतूस मॅगझिनमधून वर सरकायचे असते आणि रुंद कडा तेथे अडखळते. जाडीतही फरक आहे: पिस्तुलाची कडा सुमारे पाव मिलिमीटरने पातळ.

या पाव मिलिमीटरने आणि अरुंद कडेने जवळजवळ सगळे खुलासे होतात. कडा पातळ असल्यामुळे काडतूस सिलिंडरमागच्या चौकटीच्या भिंतीपासून तेवढे पुढे बसते, घोड्याची टोच टोपीवर पुरेशी खोल पडत नाही, आणि एखादे काडतूस फसते. दुसऱ्या चेंबरमधल्या टोपीवरचा खळगा खरोखरच उथळ होता. कडा अरुंद असल्यामुळे एक्स्ट्रॅक्टरच्या बोटांना तिची पकड मिळत नाही, म्हणून पुंगळ्या ताऱ्याखाली गेल्या.

उडालेल्या तीन पुंगळ्यांच्या टोप्या पाहताना कारागीर आणि मी बराच वेळ थांबलो. दोन टोप्या आपल्या खोबणीतून किंचित बाहेर आलेल्या होत्या, आणि सिलिंडर अडकण्याचे कारण त्याच होत्या: त्या मागच्या भिंतीवर घासत होत्या. तिसरी टोपी मात्र चपटी झालेली, कडेपर्यंत पसरलेली होती. अनेकांना वाटते की बाहेर आलेली टोपी म्हणजे जास्त दाबाची खूण. प्रत्यक्षात स्फोटाच्या सुरुवातीला टोपी मागे ढकलली जाते, आणि दाब पुरेसा वाढला की पुंगळीही मागे येऊन टोपीला पुन्हा आत दाबते व चपटी करते. टोपी बाहेरच राहिली याचा अर्थ त्या दोन गोळ्यांच्या वेळी दाब पुरेसा चढलाच नाही. तिसऱ्याच्या वेळी तो चढला. एकाच खोक्यातील तीन काडतुसांचे वागणे इतके वेगळे का झाले, याचे उत्तर चेंबरच्या आत होते. १७ मिलिमीटरची पुंगळी २३ मिलिमीटरच्या जागेत असते तेव्हा गोळीला नळीच्या दिशेने सुमारे ६ मिलिमीटर मोकळ्या जागेतून उडी मारावी लागते. त्या उडीत गरम वायू गोळीच्या कडेने पुढे निसटतो, कधी कमी, कधी जास्त. चेंबरमध्ये बरोबर त्या खोलीवर काजळीचे आणि तांबूस रेघांचे कडे उमटलेले होते. म्हणजे या हत्यारात हे काडतूस प्रत्येक वेळी धोकादायक दाब देईल असे म्हणता येत नाही. ते प्रत्येक वेळी काय देईल हेच सांगता येत नाही. माझ्या मते हा दोष वाढीव दाबापेक्षा लहान मानू नये.

उरली फ्रेम, म्हणजे हत्याराची चौकट. खटका बंद केल्यावर नळी वर-खाली हलकी हलत होती, आणि नळी व सिलिंडर यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे फटी मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, जवळजवळ ०.३ मिलिमीटर भरली, ०.१५ च्या आसपासची फट मी चांगली समजतो. ही ढिलाई त्या तीन गोळ्यांनीच आली असे कारागिरांनी म्हटले नाही आणि मीही म्हणणार नाही. हत्यार जुने होते. खटका आणि बिजागरीची पिन आधीच झिजलेली असणार. पण नेमकी हीच गोष्ट थोरल्यांच्या हिशेबात नव्हती: त्यांनी काडतूस निवडताना नव्या हत्याराची ताकद गृहीत धरली, आणि गोळी मात्र जुन्या खटक्याने पेलली.

दाबाचा हिशेब

काडतुसांच्या कमाल दाबाची मानके अमेरिकेत उत्पादकांची ‘सामी’ ही संस्था ठरवते. तिच्या मानकात ‘०.३२ लाँग’साठी कमाल दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंड आहे, आणि पिस्तुलाच्या ०.३२ साठी २०,५००. वाढ सुमारे ३७ टक्के. हा आकडा समजून घेण्यासाठी दुसरा एक आकडा शेजारी ठेवावा लागतो. युरोपातील ‘सीआयपी’ पद्धतीत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर बाजारात जाण्यापूर्वी मानकापेक्षा ३० टक्के जास्त दाबाच्या खास काडतुसांनी एकदा तपासले जाते, आणि त्या परीक्षेत टिकले तरच त्यावर खूण उमटते. १५,००० च्या हत्यारासाठी त्या प्रमाणात परीक्षेचा दाब १९,५०० येतो. पिस्तुलाचे सर्वसाधारण काडतूस, पूर्ण दाबाला पोहोचले तर, त्याच्याही वर जाते. जी कसोटी हत्याराने आयुष्यात एकदा, कारखान्यात, तज्ज्ञांच्या नजरेखाली द्यायची, ती थोरल्यांनी हातात धरून पुन्हा पुन्हा घ्यायचे ठरवले होते, आणि तीही वीस वर्षांनी झिजलेल्या खटक्यावर.

पुंगळीच्या तळावर येणारा जोर ढोबळपणे काढायचा तर दाब आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करावा लागतो. पुंगळीचा बाहेरचा व्यास धरला तर १५,००० च्या दाबाला तो जोर सुमारे ६०० किलो वजनाइतका येतो आणि २०,५०० ला ८०० किलोच्या पुढे जातो. प्रत्यक्षात आतला व्यास लहान असतो आणि पुंगळी चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटून काही जोर तेथेच पेलते, त्यामुळे हे आकडे वरच्या टोकाचे आहेत. पण दोहोंमधले प्रमाण तेच राहते. बंद फ्रेमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा जोर अखंड धातूच्या चौकटीवर येतो. मधून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये चौकट अखंड नसते; वरचा खटका आणि खालची बिजागरी मिळून ती तात्पुरती बंद करतात, आणि प्रत्येक गोळीला हे दोन सांधेच ताणले जातात. लहान बांध्याच्या हत्यारात सिलिंडरच्या भिंती आधीच पातळ असतात, आणि सहा गोळ्यांच्या सिलिंडरमध्ये त्याला थांबवणारी खाच बहुधा नेमकी चेंबरच्या माथ्यावर येते, म्हणजे भिंत सर्वांत पातळ असते तेथेच.

आता थोरल्यांच्या ‘धक्का कमी लागला’ या वाक्याकडे येऊ. ‘०.३२ लाँग’ची शिशाची गोळी साधारण ९८ ग्रेन, म्हणजे सुमारे ६.३ ग्रॅमची असते आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे २१५ मीटर असतो. पिस्तुलाची तांब्याच्या आवरणाची गोळी ७१ ग्रेन, सुमारे ४.६ ग्रॅमची, आणि वेग सुमारे २७५ मीटर. हाताला बसणारा धक्का मुख्यतः वजन आणि वेग यांच्या गुणाकारावर ठरतो, आणि तो गुणाकार पिस्तुलाच्या गोळीचा थोडा कमीच येतो. म्हणजे थोरल्यांना जे जाणवले ते अगदी बरोबर होते. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. दाब चेंबरच्या भिंती आणि खटका सोसतात, हात सोसत नाही. हत्यार हातात मऊ वाटत असताना आतला धातू मर्यादेपलीकडे ताणला जात असू शकतो, आणि हाताला ते सांगणारी कोणतीही खूण नाही. अनेक वर्षे हत्यार चालवलेली माणसेही या ठिकाणी फसतात, कारण त्यांचा हातावर विश्वास असतो आणि तो इतर बाबतींत खरा ठरलेला असतो.

आणि ज्या जोरासाठी हे सारे केले, तो किती मिळाला? कागदावर ‘लाँग’ची ऊर्जा सुमारे १४५ जूल आणि पिस्तुलाच्या काडतुसाची सुमारे १७५ जूल. हा तीस जुलांचा फायदाही पिस्तुलाच्या स्वतःच्या घट्ट चेंबरमध्ये मिळणारा आहे. रिव्हॉल्व्हरच्या लांब चेंबरमध्ये वायू निसटतो, सिलिंडर-नळीच्या फटीतूनही निसटतो, आणि त्या दोन बाहेर आलेल्या टोप्या सांगत होत्या की किमान दोन गोळ्यांना पूर्ण दाब मिळालाच नव्हता. थोरल्यांनी हत्याराचा भरवसा गमावला आणि जोर बहुधा काहीच कमावला नाही.

परदेशातल्या उदाहरणाचे काय

नातेवाइकाने सांगितलेली गोष्ट निराधार नव्हती, पण ती वेगळ्या काडतुसाची होती. अमेरिकेत ‘०.३८ स्पेशल’ या काडतुसाची जास्त दाबाची ‘प्लस-पी’ नावाची अधिकृत जात आहे, आणि आजची अनेक लहान बांध्याची रिव्हॉल्व्हरे तिच्यासाठी बनवलेली असतात. तसे उत्पादक आपल्या पुस्तिकेत आणि पुष्कळदा नळीवरच नोंदवतो. जुन्या किंवा हलक्या मिश्रधातूच्या रिव्हॉल्व्हरांसाठी तेथेही सक्त मनाई किंवा मर्यादा असते. ‘०.३२ लाँग’साठी सामीच्या मानकात अशी जातच नाही. त्यामुळे आपल्या ०.३२ रिव्हॉल्व्हरसाठी ‘जास्त दाबाचे पण चालणारे’ काडतूस शोधायला निघालेला माणूस अस्तित्वात नसलेली वस्तू शोधत असतो, आणि हाताशी येते ती भलत्याच घराण्यातली.

रिव्हॉल्व्हरच्या जगात या धोक्यावर एक जुना उपाय आहे: जास्त दाबाच्या काडतुसाची पुंगळी मुद्दाम लांब करायची. १९३५ चे ‘०.३५७ मॅग्नम’ हे ‘०.३८ स्पेशल’पेक्षा सुमारे ३ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे ते जुन्या हत्यारात पूर्ण आत जात नाही आणि सिलिंडर मिटत नाही. आपल्या ०.३२ च्या घराण्यातही १९८४ चे ‘एच अँड आर मॅग्नम’ २७.३ मिलिमीटरचे आणि त्यानंतरचे ‘०.३२७ फेडरल मॅग्नम’ ३०.५ मिलिमीटरचे आहे. शेवटच्याचा दाब ४५,००० पर्यंत जातो. ‘लाँग’च्या योग्य मापाच्या चेंबरमध्ये यांपैकी कोणतेही बसत नाही. लांबी हे कुलूप आहे, आणि ते एकाच बाजूने लागते: त्याच घराण्यातले लांब आणि जोरदार काडतूस ते अडवते, पण दुसऱ्या घराण्यातले आखूड आणि जोरदार काडतूस त्याच्यापुढून निर्धास्त आत शिरते. पिस्तुलाचे ०.३२ हे नेमके असे काडतूस आहे. म्हणून आपल्याकडे, जेथे एकाच घरात, एकाच परवाना-परंपरेत ०.३२ चे रिव्हॉल्व्हर आणि ०.३२ चे पिस्तूल दोन्ही नांदतात, ‘बसते म्हणून चालते’ हा नियम परदेशापेक्षाही जास्त फसवा आहे.

पुढे काय केले

कायद्याची बाजू भावांना स्पष्ट सांगावी लागली. परवाना हत्याराइतकाच काडतुसांचाही असतो. कोणत्या प्रकारची आणि किती काडतुसे बाळगता येतील हे त्यावर लिहिलेले असते. धाकट्याच्या परवान्यावर घेतलेली पिस्तुलाची काडतुसे थोरल्यांच्या ताब्यात असणे, मग ती घरातल्या घरात दिलेली का असेनात, शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ शी विसंगत आहे, आणि त्यात देणारा व घेणारा दोघेही अडकतात. दोघांनी आपली नोंदवही आणि विक्रेत्याच्या पावत्या जुळवल्या, पिस्तुलाची काडतुसे धाकट्याकडे परत गेली, आणि सरावात वापरलेली काडतुसे पुंगळ्यांसह हिशेबात दाखवली गेली. दुसरी गोष्ट दसऱ्याची. घरात खंडेनवमीला हत्यारे पूजेला मांडण्याची प्रथा आहे, आणि त्या दिवशी एखादी गोळी हवेत सोडावी अशी जुन्या पिढीची इच्छा असते. २०१९ च्या दुरुस्तीने इतरांच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धोका होईल अशा हर्षोल्हासाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली आहे. वडिलांनी हे ऐकले आणि पूजेतली हत्यारे रिकामी असतील असे स्वतःच ठरवले.

रिव्हॉल्व्हरविषयी कारागिरांचा पहिला विचार खटक्यामागे पातळ पत्रा घालून ढिलाई घालवण्याचा होता. मी त्याला विरोध केला. पत्रा फट झाकतो, झिजलेला सांधा तसाच ठेवतो, आणि पुढच्या वेळी हत्यार हातात घेणाऱ्याला ते घट्टच वाटते. शेवटी खटका आणि बिजागरीची पिन बदलायचे ठरले. तोपर्यंत हत्यार विक्रेत्याकडे पावती घेऊन जमा राहिले. खटका बदलल्यावर फट ०.१८ मिलिमीटरवर आली. रेंजवर ‘लाँग’च्या योग्य काडतुसांनी सहाही चेंबर तपासले, सहाही सुटले, टोच खोल पडली आणि रिव्हॉल्व्हर उघडताच सहाही पुंगळ्या एकत्र बाहेर आल्या.

थोरल्यांचा मूळ प्रश्न, हत्यार कमी जोराचे आहे हा, यातून सुटला नव्हता आणि मी तो सुटल्याचा आव आणला नाही. ०.३२ चे रिव्हॉल्व्हर हे मध्यम ताकदीचेही हत्यार नाही. पण त्या मर्यादेवरचा उपाय चेंबरमध्ये सापडत नाही. त्यांना मी सुचवले ते इतकेच, की रोकड घेऊन रात्री एकट्याने फिरणे कमी करावे, हंगामातली वसुली शक्य तेथे बँकेतून वळवावी, आणि रिव्हॉल्व्हर ठेवायचेच असेल तर योग्य काडतुसांनी नियमित सराव करावा, कारण त्या दिवशी रेंजवर मारलेल्या तीन गोळ्यांपैकी एकही लक्ष्यावर नव्हती. पहिल्या दोन सूचना त्यांनी लगेच मान्य केल्या.

डब्याच्या तळाशी मात्र काही काडतुसे उरली, ज्यांचे खोके नव्हते आणि तळावरचे शिक्के झिजलेले होते. पट्टीने मोजल्यावर त्यांतली बरीचशी पिस्तुलाची निघाली, थोडी ‘लाँग’ची, आणि एक-दोन अशी होती की ज्यांच्या गोळ्या पुंगळीत खोल दबलेल्या दिसत होत्या. गोळी आत दबली की पुंगळीतली जागा कमी होते आणि तोच दारूचा भार जास्त दाब देतो, त्यामुळे अशी काडतुसे कोणत्याही हत्यारात चालवू नयेत. वर्गवारी करून काही वाचवण्याचा मोह थोरल्यांना झाला, पण शेवटी ती सगळीच, नोंद करून, विक्रेत्यामार्फत नष्ट करण्यासाठी जमा केली.